तेलाचा तवंग लाटांवरून कसा ओळखावा: उपग्रह-रडारची चित्रे प्रथमच हाताळणाऱ्यांसाठी

समुद्रावर सांडलेले तेल रडारला दिसत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर ज्या बारीक लाटा असायला हव्या होत्या त्या एका भागात नाहीत, एवढेच रडार सांगते. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते आणि नवखा अभ्यासक ती वाचून पुढे जातो. मग तो पहिले चित्र उघडतो, त्यात लहानमोठे अनेक काळे डाग दिसतात आणि त्यांतला तेलाचा कोणता हे त्याला काही केल्या ठरवता येत नाही. हे सगळे काम एका प्रश्नाभोवती फिरते: इथल्या लाटा नेमक्या कशामुळे नाहीशा झाल्या? खालची प्रत्येक पायरी तेलाखेरीजची कारणे एकेक करून बाजूला सारण्यासाठी आहे.

पुढील पद्धत सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहमालिकेची मोफत चित्रे आणि स्नॅप हे मोफत सॉफ्टवेअर यांवर आधारलेली आहे. हे काम शिकताना जिथे जिथे माझी गाडी अडली, तिथे मी मुद्दाम जास्त थांबलो आहे. जे मेनूवर टिचकी मारून आपोआप होते, ते थोडक्यात सांगितले आहे.

## १. आधी लाटांचे गणित समजून घ्या

वारा वाहू लागला की पाण्यावर सर्वांत आधी काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगिका उमटतात. उपग्रहावरचे रडार समुद्राकडे तिरपे पाहते. पाणी अगदी सपाट असेल तर रडारची ऊर्जा पुढच्या बाजूला परावर्तित होऊन निघून जाते आणि चित्रात तो भाग काळा येतो. तरंगिका असतील तर ऊर्जेचा काही अंश रडारकडे परत फिरतो. यातही सर्व लांबीच्या तरंगिकांचा वाटा सारखा नसतो. रडारच्या तरंगलांबीला आपतन कोनाच्या साइनच्या दुपटीने भागले की जी लांबी येते, त्या लांबीच्या तरंगिकांवरून परतणारे संकेत एकमेकांत मिसळून प्रबळ होतात. याला ब्रॅग अनुनाद म्हणतात. सेंटिनेल-१ चे रडार ५.४०५ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर चालते, म्हणजे त्याची तरंगलांबी सुमारे ५.५ सेंटिमीटर आहे. आपतन कोन, म्हणजे किरणाने लंबाशी केलेला कोन, ३० अंश असेल तर रडार सुमारे ५.५ सेंटिमीटर लांबीच्या तरंगिका पाहत असते. कोन ४५ अंश असेल तर सुमारे ३.९ सेंटिमीटर लांबीच्या.

आता तेल काय करते ते पाहू. पाण्यावर पसरलेला पातळ थर लाटेबरोबर एका जागी ताणला जातो, तर शेजारी आकसतो. त्यामुळे पृष्ठताण जागोजागी वेगळा होतो, पाण्याच्या अगदी वरच्या थरात ओढाताण सुरू होते आणि लहान लाटांची ऊर्जा घर्षणात खर्ची पडते. मारँगोनी परिणाम म्हणतात तो हाच. त्याचा जोर नेमका काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगिकांवर सर्वाधिक चालतो, आणि रडार ज्यांच्या आधारावर पाहते त्या तरंगिका याच असतात. दूरवरून आलेली शेकडो मीटर लांबीची फुगवटी, म्हणजे संथ लांब लाट, मात्र तवंगाखालून जवळपास जशीच्या तशी जाते, म्हणून काळ्या डागाच्या आतही तिचे पट्टे कधीकधी दिसतात. ते दिसले म्हणून डाग तेलाचा नाही असा निष्कर्ष काढू नका.

या परिणामाला थर किती पातळ असला तरी पुरतो, याची कल्पना बेंजामिन फ्रँकलिन यांच्या प्रयोगावरून येते. लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर त्यांनी चमचाभर तेल टाकले आणि सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाल्याचे पाहिले. हे वर्णन १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चमचाभर तेल एवढ्या क्षेत्रावर पसरले तर थराची जाडी काही नॅनोमीटर भरते. हा आकडा लक्षात राहू द्या. डागाच्या क्षेत्रफळावरून तेलाचे प्रमाण सांगण्याचा मोह होईल तेव्हा तो उपयोगी पडेल.

## २. लागणारे साहित्य जमवा

- कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावरचे खाते. नोंदणी मोफत आहे.
- युरोपीय अंतराळ संस्थेचे स्नॅप सॉफ्टवेअर. एक चित्र १ जीबीच्या आसपास असते, तेव्हा संगणकाची मेमरी किमान १६ जीबी असावी.
- वाऱ्याची माहिती. ईआरए-५ या पुनर्विश्लेषणात, म्हणजे निरीक्षणे आणि हवामानाचे प्रारूप एकत्र करून केलेल्या नोंदींत, ती दर तासाची मिळते. समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या स्कॅटरोमीटर उपग्रहांची निरीक्षणे हाताशी असतील तर उत्तमच.
- जहाजांच्या स्वयंचलित ओळख प्रणालीच्या, म्हणजे एआयएसच्या नोंदी.
- तेलविहिरी, समुद्रतळावरच्या वाहिन्या, नैसर्गिक झरे आणि बुडालेली जहाजे दाखवणारा नकाशा.
- एक साधी वही किंवा तक्ता. प्रत्येक डागाची वेळ, जागा, वारा आणि तुमचा निर्णय त्यात लिहीत जा.

शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल, पण डागांची संख्या वाढली की आपण कोणता डाग कोणत्या कारणाने बाद केला हे आठवत नाही आणि तोच डाग पुन्हा तपासण्यात वेळ जातो.

## ३. सरावासाठी उत्तर माहीत असलेली घटना निवडा

सुरुवातीलाच अनोळखी समुद्रात तेल शोधायला जाऊ नका. जिथे तेल होते हे इतर मार्गांनी सिद्ध झाले आहे अशी घटना घ्या, म्हणजे खरा तवंग रडारच्या चित्रात कसा दिसतो याची नजर बसते.

माझ्या मते सर्वांत सोयीची घटना कॉर्सिकाच्या उत्तरेकडची आहे. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथे ‘युलिस’ हे जहाज नांगरून ठेवलेल्या ‘सीएसएल व्हर्जिनिया’ या मालवाहू जहाजावर आदळले आणि इंधन समुद्रात सांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटिनेल-१ तिथून गेला. त्याच्या चित्रात सुमारे २० किलोमीटर लांबीचा काळा पट्टा दिसतो. अपघाताची जागा व वेळ ठाऊक आहे आणि तेल कोणत्या बाजूला वाहत गेले हेही पट्ट्याच्या दिशेवरून पडताळता येते.

दुसरी घटना दीर्घकाळ चाललेल्या गळतीची. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ, मेक्सिकोच्या आखातात, २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळामुळे समुद्रतळ घसरून टेलर कंपनीचा एमसी-२० हा तेलमंच कोसळला आणि तिथल्या विहिरींतून पुढे वर्षानुवर्षे तेल झिरपत राहिले. २०१९ मध्ये ते तेल गोळा करणारी यंत्रणा तिथे बसवली गेली. त्याआधीच्या वर्षांची चित्रे ओळीने उघडली, तर उगम त्याच बिंदूवर राहतो पण शेपूट वारा आणि प्रवाह यांप्रमाणे दिशा बदलते हे स्पष्ट दिसते. ज्या दिवशी वारा पडलेला होता त्या दिवशी तवंग चित्रातून गायब असतो. तेलाची गळती तेव्हाही चालूच होती.

## ४. आधी वारा पाहा, मग चित्र उघडा

ही पायरी बहुतेक जण शेवटी करतात. ती सर्वांत आधी करावी, कारण वारा अनुकूल नसेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात.

वाऱ्याचा वेग सेकंदाला २ ते ३ मीटरपेक्षा कमी असेल तर स्वच्छ पाण्यावरही तरंगिका उठत नाहीत. मग संपूर्ण समुद्र काळा येतो आणि काळ्यावर काळे शोधता येत नाही. वेग १० ते १४ मीटरच्या पुढे गेला तर फुटणाऱ्या लाटा तेल पाण्यात घुसळून टाकतात आणि जे वर उरते त्याचा परिणामही झाकला जातो. ही वरची मर्यादा तेलाच्या प्रकाराप्रमाणे आणि जाडीप्रमाणे बदलते, म्हणून ती एका आकड्यात बांधता येत नाही. नवख्याने ४ ते ८ मीटर वेगाचे दिवस निवडावेत.

इथे एक सापळा आहे. सेंटिनेल-१ च्या चित्रांबरोबर ओसीएन नावाचे एक उत्पादन मिळते आणि त्यात वाऱ्याचा वेग सुमारे १ किलोमीटरच्या जाळीवर दिलेला असतो. तो वेग समुद्राच्या खडबडीतपणावरून, म्हणजे त्याच रडार-संकेतावरून काढलेला असतो. तवंगाच्या आत तरंगिका नसल्यामुळे तिथला वारा मंद असल्याचे हे उत्पादन सांगते. ते पाहून ‘इथे वारा कमी आहे, म्हणून डाग काळा आहे’ असे म्हणणे म्हणजे आपणच घातलेल्या वर्तुळात फिरणे होय. डागाच्या आतल्या वाऱ्यासाठी नेहमी रडारबाहेरचा स्रोत वापरा. ओसीएनमधील वेग डागाच्या आजूबाजूच्या पाण्यापुरता घ्या.

वाऱ्याची वेळही जुळवून घ्या. उपग्रहाच्या आणि हवामानाच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात, वर्तमानपत्रातील अपघाताची बातमी स्थानिक वेळेत, आणि जहाजाची नोंदवही कधी तिसऱ्याच वेळेत. सर्व वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलून वहीत लिहून ठेवा.

## ५. योग्य चित्र निवडून उतरवा

शोधपेटीत भाग आणि तारीख भरल्यावर अनेक प्रकारची उत्पादने समोर येतात. तुम्हाला हवे आहे ते आयडब्ल्यू (रुंद पट्टा टिपणाऱ्या) पद्धतीने घेतलेले, जीआरडी (जमिनीवरच्या अंतरात बसवलेल्या) प्रकारचे, उच्च विभेदनाचे चित्र. त्याचा पट्टा २५० किलोमीटर रुंद असतो आणि पिक्सेल १० मीटरचे असतात. ध्रुवीकरणांपैकी, म्हणजे रडारलहरी उभ्या की आडव्या पाठवल्या आणि घेतल्या यांच्या प्रकारांपैकी, व्हीव्ही (उभ्या पाठवून उभ्याच घेतलेल्या) निवडा. समुद्राचा संकेत व्हीव्हीमध्ये एचएचपेक्षा (दोन्ही आडव्या) प्रबळ असतो, त्यामुळे तवंग आणि स्वच्छ पाणी यांतला फरक अधिक उठून दिसतो. व्हीएचमध्ये (उभ्या पाठवून आडव्या घेतलेल्या) समुद्राचा संकेत बऱ्याचदा यंत्राच्या स्वतःच्या नॉइजइतका, म्हणजे निरर्थक संकेताइतका, क्षीण असतो, म्हणून तवंगासाठी तो जवळपास निरुपयोगी. जहाजे शोधायला मात्र चांगला.

एका उपग्रहाला तीच कक्षा पुन्हा गाठायला १२ दिवस लागतात. शेजारच्या पट्ट्यांची सरमिसळ आणि चढत्या-उतरत्या फेऱ्या धरल्या तर तीच जागा त्याआधीही दिसू शकते, पण तवंगाचा रोजचा माग एकाच मालिकेतून लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. मालिकेतील १-बी हा उपग्रह २३ डिसेंबर २०२१ रोजी बिघडला आणि १-सी हा उपग्रह डिसेंबर २०२४ मध्ये सोडण्यात आला. मधल्या काळातल्या घटना अभ्यासताना चित्रे विरळ का आहेत, याचे उत्तर यात आहे.

## ६. चित्राची पूर्वतयारी करा

स्नॅपमध्ये खालील क्रम पाळा. हा क्रम एकदा ग्राफ म्हणून साठवला की पुढच्या प्रत्येक चित्रावर तोच चालवता येतो.

१) ॲप्लाय ऑर्बिट फाइल. चित्राचे स्थान अचूक होते.

२) थर्मल नॉइज रिमूव्हल. हे कॅलिब्रेशनच्या आधी करायचे असते.

३) सबसेट. फक्त हवा तो भाग कापून घ्या, पण डागाभोवती भरपूर स्वच्छ पाणी राहू द्या. तुलना त्याच्याशीच करायची आहे.

४) कॅलिब्रेशन. पिक्सेलच्या मूल्याचे सिग्मा-नॉट या, रडारकडे किती ऊर्जा परतली ते सांगणाऱ्या मोजमापात रूपांतर होते. याशिवाय दोन चित्रांची तुलना अर्थहीन आहे.

५) लँड-सी मास्क. जमीन झाका. किनाऱ्याची तेजस्वी पिक्सेल सरासरीत शिरली तर किनाऱ्यालगतचे साधे पाणी तवंगासारखे भासू लागते.

६) स्पेकल फिल्टर. चित्रातला दाणेदारपणा तो कमी करतो. खिडकी, म्हणजे एकावेळी विचारात घेतलेला पिक्सेलांचा चौकोन, लहान ठेवा, ५ बाय ५ किंवा ७ बाय ७. चालत्या जहाजाने सोडलेला तेलाचा माग सुरुवातीला जेमतेम ५० ते १०० मीटर रुंद असू शकतो, म्हणजे पाच ते दहा पिक्सेल. मोठी खिडकी चित्र डोळ्याला सुखद करते आणि नेमका तो माग पुसून टाकते.

७) टेरेन करेक्शन. चित्र नकाशावर बसवणारी ही पायरी नवख्यांना हमखास चकवते. रेंज-डॉप्लर टेरेन करेक्शनच्या चौकटीत ‘मास्क आउट एरियाज विदाउट एलिव्हेशन’ हा पर्याय असतो. उंचीची माहिती नसलेला भाग तो कोरा करतो, आणि समुद्राला उंचीची माहिती नसते. पर्यायापुढची खूण न काढता प्रक्रिया चालवली तर अर्धा तास थांबून हाती येते ते संपूर्ण कोरे पाणी आणि मधोमध सुबक जमीन. ही खूण आधी काढा, किंवा उंचीची गरजच नसलेले एलिप्सॉइड करेक्शन वापरा.

डेसिबलमधले, म्हणजे ऊर्जेच्या लॉगॅरिदमिक मापातले, रूपांतर सर्वांत शेवटी आणि केवळ पाहण्यापुरते करा. सरासरी काढणे, फिल्टर लावणे ही कामे मूळ रेषीय मूल्यांवरच व्हायला हवीत, कारण डेसिबलची सरासरी आणि ऊर्जेची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## ७. काळा डाग वेगळा काढा

पहिला विचार असा येतो, की अमुक मूल्यापेक्षा काळे ते तेल अशी एकच रेघ आखावी. समुद्रावर हे चालत नाही. आयडब्ल्यू चित्रात आपतन कोन एका कडेला सुमारे २९ अंश आणि दुसऱ्या कडेला सुमारे ४६ अंश असतो. कोन वाढत जातो तसा समुद्राचा संकेत उतरत जातो. एकच रेघ आखली तर जवळच्या कडेचा खरा तवंग सुटतो आणि दूरच्या कडेचे स्वच्छ पाणी ‘तेल’ ठरते. म्हणून प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या शेजारच्या पाण्याशी करावी लागते. स्नॅपमधील ऑइल स्पिल डिटेक्शन हे साधन हेच करते. भोवतालच्या खिडकीतली सरासरी काढून तिच्यापेक्षा ठरावीक डेसिबलने खाली असलेली पिक्सेल ते निवडते आणि फार लहान पुंजके टाकून देते. खिडकीचा आकार, किती डेसिबलचा फरक धरायचा आणि सर्वांत लहान पुंजका किती मोठा हवा, हे तिन्ही आकडे तुम्हाला बदलता येतात. खिडकी डागापेक्षा लहान असेल तर मोठ्या तवंगाचा मध्यभाग स्वतःशीच तुलना होऊन सुटतो आणि फक्त कडा उरते. निकालात पोकळ कंकणे दिसू लागली तर प्रथम खिडकी वाढवून पाहा.

साधनाने दाखवलेल्या प्रत्येक डागावर आडवी रेघ मारून मूल्यांचा आलेख काढण्याची सवय लावा. खऱ्या तवंगाच्या एका कडेवरून आत शिरताना आलेख काही पिक्सेलांतच धाडकन ५ ते १० डेसिबल उतरतो. ३ डेसिबल म्हणजे ऊर्जा निम्मी आणि १० म्हणजे एकदशांश, हे प्रमाण मनात असू द्या. तवंग काही तास वाऱ्यात राहिलेला असेल तर अनेकदा त्याची एक कड अशी धारदार असते आणि दुसरी पिसाऱ्यासारखी विसविशीत. तिथे आलेख हेलकावे खात हळूहळू वर चढतो. मंद वाऱ्याच्या पट्ट्याचा आलेख दोन्हीकडून सावकाश उतरतो आणि सावकाश चढतो, कारण वारा असा रेघ मारल्यासारखा तुटत नाही.

आलेख वाचताना तळाकडे लक्ष द्या. सेंटिनेल-१ च्या रडारची नॉइजची पातळी उणे २२ डेसिबलच्या आसपास आहे. तवंगाच्या आतला संकेत त्या पातळीला टेकला की त्याखाली काय घडते ते रडारला कळत नाही. तळ सपाट दिसतो म्हणून थर सगळीकडे सारखा जाड आहे असे कोणी म्हणाले, तर त्याने समुद्राऐवजी यंत्राचे मोजमाप केले आहे.

## ८. तेल की तेलासारखे?

खरे कसब इथे लागते. वेळेपैकी निम्मा वेळ या पायरीसाठी राखून ठेवा.

मंद वाऱ्याचे पट्टे. हे सर्वांत जास्त आढळतात. ते विस्तीर्ण असतात, कडा धूसर असतात आणि आकाराला ठराविक रूप नसते. बेटांच्या आणि भूशिरांच्या मागे वाऱ्याचा आडोसा तयार होतो. त्याचा काळा पट्टा जमिनीपासून सुरू होऊन वाऱ्याच्या दिशेने लांबत जातो. वाऱ्याची दिशा ठाऊक असली की हे लगेच ओळखू येतात.

जैविक थर. प्लवक आणि मासे यांच्यापासून निघालेल्या स्निग्ध द्रव्यांचा थर अवघा एका रेणूच्या जाडीचा असला तरी तरंगिका शमवतो. रडारच्या दृष्टीने तो तेलाचा सख्खा भाऊ आहे, आणि एका चित्रावरून दोघांत फरक करणे अनुभवी माणसालाही जड जाते. दोन खुणा मदतीला येतात. हे थर बहुधा बारीक समांतर धाग्यांसारखे दिसतात आणि भोवऱ्यांबरोबर गुंडाळले जाऊन पाण्याच्या अभिसरणाचा जणू नकाशाच काढतात. दुसरे म्हणजे वारा सेकंदाला ६-७ मीटरच्या वर गेला की ते सहसा मोडून पाण्यात मिसळतात. तेव्हा त्याहून जोरदार वाऱ्यातही ठळक टिकून राहिलेला डाग खनिज तेलाचा असण्याची शक्यता बरीच वाढते.

पाऊस. मुसळधार सरींचे थेंब पृष्ठभागाखाली खळबळ माजवतात आणि त्यामुळे रडारला दिसणाऱ्या तरंगिका शमतात. पण सरीबरोबर खाली कोसळणारी थंड हवा भोवती पसरून वारा वाढवते. म्हणून काळ्या गाभ्याभोवती उजळ कडे असा जोडीचा आकार दिसतो. तवंगाला असे उजळ कडे नसते.

अंतर्गत लाटा. पाण्याच्या आतल्या थरांतून जाणाऱ्या या लाटा पृष्ठभागावर उजळ आणि काळ्या पट्ट्यांची आलटून-पालटून रांग उमटवतात. रांग दिसली की प्रश्न मिटला.

याशिवाय खालून वर येणारे थंड पाणी, समुद्रशैवालाचे गालिचे आणि ध्रुवांकडच्या समुद्रात नुकता गोठू लागलेला चिकट बर्फ यांचेही काळे डाग पडतात. ज्या समुद्रावर काम करणार त्या समुद्रात यांपैकी काय संभवते, ते हंगामानुसार आधी लिहून काढा. उष्ण कटिबंधातल्या चित्रात बर्फाची शंका घेण्यात अर्थ नाही.

आकार हाही पुरावा आहे. चालत्या जहाजाने सोडलेले तेल अरुंद, लांब रेषेत दिसते आणि रेषेच्या टोकाला कधीकधी जहाजाचा तेजस्वी ठिपकाही सापडतो. रेषा मागे मागे रुंद होत जाते, कारण तिथले तेल जुने असते आणि त्याला पसरायला वेळ मिळालेला असतो. तेलमंचाची गळती एका स्थिर तेजस्वी ठिपक्यापासून निघते. समुद्रतळावरच्या नैसर्गिक झऱ्याचा तवंग वेगवेगळ्या तारखांना त्याच जागी पुन्हा पुन्हा उगवतो, पण वर कोणतेही बांधकाम दिसत नाही. म्हणून कोणत्याही डागावर निर्णय देण्याआधी त्याच जागेची जुनी चित्रे उघडून पाहावीत, असा माझा आग्रह असतो. अनेक संशयित जहाजे एवढ्या एका तपासणीत दोषमुक्त होतात.

## ९. जोडपुरावा मिळवा

एआयएसच्या नोंदींत डागाच्या वेळी कोणते जहाज कुठे होते ते पाहा, पण जहाजाचा मार्ग आणि तेलाची रेषा जशीच्या तशी एकमेकींवर बसण्याची अपेक्षा धरू नका. तेल वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने, शिवाय पाण्याच्या प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने सरकते. वारा सेकंदाला ८ मीटर असेल तर केवळ वाऱ्यामुळे तेल तासाला ०.८६ किलोमीटर, म्हणजे १२ तासांत सुमारे १० किलोमीटर वाहून जाते. म्हणून आधी डाग मागच्या वेळेत सरकवा, मग मार्ग जुळवा. एआयएस बंद ठेवून जाणारी जहाजेही असतात; नोंदीत जहाज नाही म्हणजे समुद्रात जहाज नव्हते असे नाही.

ढग नसतील तर प्रकाशीय उपग्रहांची चित्रेही जोडीला घ्या. सूर्याची चकाकी ज्या भागात पडते तिथे तवंग ओळखू येतो, आणि त्याचेही कारण लाटाच आहेत: गुळगुळीत पाणी सूर्यप्रकाश एकाच दिशेला परतवते. त्यामुळे चकाकीच्या मध्याजवळ तवंग भोवतालच्या पाण्यापेक्षा उजळ दिसतो आणि चकाकीच्या कडेकडे काळा. एकाच चित्रात एकाच तवंगाचे असे दोन रंग दिसले तर बिचकू नका.

जहाजावरच्या एक्स-बँड रडारवरही हेच तत्त्व चालते. मात्र नौकानयनासाठी ते वापरताना लाटांचा कचरा म्हणून जो संकेत गाळून टाकतात, तोच इथे कामाचा असतो. तेल शोधायचे असेल तर लाटांची गाळणी कमी करा. नाहीतर पडदा स्वच्छ दिसेल आणि त्यावर काहीच नसेल.

## १०. नोंद लिहा, प्रमाण सांगू नका

काळ्या डागाचे क्षेत्रफळ मोजता येते, पण त्यावरून तेल किती सांडले हे सांगता येत नाही. विमानातून तवंग पाहणाऱ्यांसाठी बॉन कराराची (उत्तर समुद्राच्या प्रदूषणाबाबतच्या युरोपीय देशांच्या कराराची) जी रंगसंहिता आहे, तिच्यात रुपेरी झाक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रोमीटर जाडी आणि धातूसारखी चमक म्हणजे ५ ते ५० मायक्रोमीटर जाडी मानतात. म्हणजे एक चौरस किलोमीटरचा डाग ४० लिटर तेलाचाही असू शकतो आणि ५०,००० लिटरचाही. रडारच्या एका चित्रात दोन्ही काळेच दिसतील. बातमीदार पहिला प्रश्न ‘किती तेल?’ हाच विचारतात. त्याचे उत्तर विमानातून किंवा नमुन्यावरून मिळते.

प्रत्येक डागासाठी पुढील गोष्टी लिहा: जागतिक प्रमाणवेळ, डागाच्या चारही टोकांचे अक्षांश-रेखांश, क्षेत्रफळ, भोवतालच्या पाण्याशी डेसिबलमधला फरक, वाऱ्याचा वेग, दिशा व त्यांचा स्रोत, जवळचे संभाव्य उगम, आणि तुमचा निर्णय दाट शक्यता, मध्यम शक्यता किंवा अल्प शक्यता यांपैकी एका शब्दांत. निर्णयाखाली त्याचे कारण एका वाक्यात असावे. ‘वारा ८ मीटर असूनही कड धारदार, आधीच्या चित्रांत या जागी डाग नाही’ असे वाक्य वाचणाऱ्याला तपासता येते; ‘तेल वाटते’ हे तपासता येत नाही. जहाजाचे नाव नोंदीत घालायचेच असेल तर ‘त्या वेळी परिसरात असलेले’ एवढेच म्हणा. सांडपाण्यातील तेलाचे प्रमाण दशलक्षात १५ भागांपेक्षा जास्त होते की नाही, ही जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल कराराच्या पहिल्या जोडपत्रातील कसोटी रडारच्या चित्रावरून लावता येत नाही.

दाट शक्यतेची नोंद संबंधित देशाच्या तटरक्षक किंवा सागरी प्रशासनाकडे लगेच पाठवा, कारण तवंग तासागणिक सरकत असतो आणि विमान पाठवायचे तर ताजी जागा लागते. सोबत मूळ चित्राच्या फाइलचे पूर्ण नाव द्या, म्हणजे तिकडचा माणूस तेच चित्र स्वतः उघडून पाहू शकेल. प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल आला की तो वहीत त्याच नोंदीखाली उतरवा, डाग जैविक निघाला असेल तरीही.